केसभर जागेचं भांडण

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानासमोर जाऊन बघा. तीन-चार रोटाव्हेटर ओळीने उभे असतात. पाती झिजून निम्मी उरलेली, ढग दाटून आलेले आणि मालक दर दहा मिनिटांनी आभाळाकडे बघतोय. सहा फुटी रोटाव्हेटरला साधारण ४२ पाती असतात, प्रत्येक पात्याला दोन बोल्ट. म्हणजे ८४. यातले साठ-पासष्ट निमूट निघतात. उरलेले वीस सगळा दिवस खातात.

अशा वेळी काय होतं, ते सगळ्यांना पाठ आहे. पाना लागतो, नट हलत नाही. कुणीतरी पान्यात तीन फुटी पाइप घालतो, अंगाचा भार टाकतो आणि ‘कट्ट’ असा आवाज येतो. या आवाजाचे अर्थ दोन. नट सुटला, किंवा त्याचे कोपरे गेले. पाइप लावणाऱ्याला पहिला अर्थ हवा असतो, मिळतो बहुतेक वेळा दुसरा. मग गोल झालेला तो नट, त्याच्यावर फिरणारा पाना आणि यंत्राच्या मालकाच्या तोंडून निघालेले शब्द. ते इथे छापण्यासारखे नसतात.

नट सुटत का नाही, हे कळायचं तर तो धरतो कसा, ते आधी बघावं लागतं. बोल्ट आट्यांच्या जोरावर पातं धरून ठेवतो असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे तो ताणला जातो आणि त्या ताणाने धरतो. १४ मिलिमीटरचा, डोक्यावर ८.८ असा शिक्का असलेला बोल्ट नीट आवळला की तो पात्याला आणि ते ज्यावर बसतं त्या फ्लॅन्जला साधारण पाच टनांच्या जोराने एकमेकांवर दाबून धरतो. यासाठी बोल्ट लांबतो किती? माणसाच्या केसाच्या जाडीएवढा. तेवढ्या लांबण्यावर सगळा खेळ. दुसरी गोष्ट याहून नवलाची आहे. पान्यावर आपण जो जोर लावतो, त्यातला जेमतेम दहावा भाग बोल्ट ताणायला लागतो. जवळजवळ निम्मा जोर नटाच्या बुडाखाली घासण्यात जातो आणि उरलेला आट्यांच्या घासण्यात. म्हणजे आवळताना नव्वद टक्के कष्ट घर्षणाशीच झटापट करण्यात गेलेले असतात. वर्षभरानंतर त्या घर्षणात गंजाची भर पडली की सुटण्याची आशा कशी ठेवायची?

गंजाचा स्वभाव अतिक्रमण करण्याचा. लोखंडाचा गंज होतो तेव्हा तो मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा मागतो. नटाचे आटे आणि बोल्टचे आटे यांच्यामध्ये फट असते ती पुन्हा केसभरच. त्या फटीत पाणी आपोआप ओढलं जातं आणि एकदा शिरलं की उन्हातही लवकर वाळत नाही. बाहेरचा गंज गळून पडतो, आतल्याला जायला जागा नसते. तो तिथेच फुगतो, आट्यांवर दाबतो आणि नटाला पाचर मारल्यासारखा बसतो. आपल्या काळ्या जमिनीचा चिखल ओल धरून ठेवणारा. काम संपल्यावर रोटाव्हेटर तसाच चिखलासकट शेडमध्ये ठेवला, तर बोल्टांभोवती ओल्या मातीचं पोटीस बांधल्यासारखं होतं. त्या मातीत पोटॅशचं खत असेल तर आणखी वाईट. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे क्लोराइड, मिठाचा सख्खा भाऊ.

नट गोल होण्याचं सगळं खापर पान्यावर फोडतात. रोटाव्हेटरच्या बाबतीत तरी हा पान्यावर अन्याय आहे. १९१२ साली ऑस्ट्रेलियातल्या गिलगँड्रा इथे आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने वडिलांच्या शेतावर, त्यांच्याच वाफेच्या ट्रॅक्टरची ताकद वापरून फिरत्या पात्यांनी मशागत करण्याचे प्रयोग सुरू केले. सुरुवातीची पाती माती बाजूला भिरकावायची. मग त्याने इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखं वाकवलेलं पातं केलं आणि अशी पाती बारीक रोटरवरच्या, अंतराअंतराने बसवलेल्या फ्लॅन्जना जोडली. शंभर वर्षांनंतरही आपल्या शेतातलं यंत्र मुळात तेच आहे. (रोटाव्हेटर हा शब्द इंग्रजीत उलटा वाचला तरी तोच राहतो. पान्याशी झुंजताना ही गंमत आठवत नाही, ते सोडा.) या रचनेत पात्याबरोबर नट-बोल्टही मातीतून फिरतात. ट्रॅक्टरच्या पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे गिअरमधून कमी होऊन रोटर दोनशेच्या आसपास फिरतो आणि दर फेऱ्याला वाळू, मुरूम, खडे नटाच्या कोपऱ्यांवरून घासत जातात. हंगामभरात २२ चा नट २१ चा होतो, कधी २० चाही. कोपरे तर आधीच गोलावलेले. पाना लावण्यापूर्वीच तो नट निम्मा गोल असतो. आपण फक्त उरलेलं काम पुरं करतो.

पान्याचा दोष असतो तो निवडीचा. फिक्स पाना नटाला दोनच ठिकाणी धरतो. स्क्रू पाना तर धरल्याचं फक्त नाटक करतो. रिंग पाना सगळीकडून धरतो, पण आपल्याकडच्या बहुतेक रिंग पान्यांना आतून बारा कोन असतात आणि ते नटाला अगदी कोपऱ्याजवळ पकडतात. कोपराच झिजलेला असेल तर पकडणार काय? अशा नटाला सहा कोनी गोटी, म्हणजे सॉकेट, हवी. ती नटाच्या सपाट बाजूवर दाब देते, कोपऱ्यावर कमी. हार्डवेअरच्या दुकानात ‘सहा कोनी दाखवा’ म्हटलं तर समोरचा आधी बारा कोनीच काढतो, हा माझा नेहमीचा अनुभव. हट्ट सोडू नका.

आता सुताबद्दल. आपल्या मिस्त्रींच्या तोंडी आजही बोल्ट सुतात असतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सुती बोल्ट अर्ध्या इंचाचा, पाच सुती पाच अष्टमांश इंचाचा. पाच सूत म्हणजे १५.९ मिलिमीटर. त्यामुळे १६ चा बोल्ट मागणाऱ्याच्या हाती पाच सुती ठेवला तर डोळ्याला फरक कळत नाही. फरक असतो आट्यांत. १८४१ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचं पहिलं प्रमाण सुचवलं, तेव्हा आट्याचा कोन ५५ अंशांचा ठरला. पाच सुती व्हिटवर्थ बोल्टला इंचाला ११ आटे पडतात, म्हणजे दोन आट्यांमध्ये २.३ मिलिमीटर अंतर. मेट्रिक १६ ला हे अंतर २ मिलिमीटर आणि कोन ६० अंश. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर दोन-तीन फेरे गुण्यागोविंदाने चढतो, मग जड होतो. घाईतला माणूस म्हणतो, ‘टाइट बसतोय, चांगलंय.’ पाइप लावून तो नट शेवटपर्यंत नेला जातो. पात्यावर पकड काडीची नाही आणि आटे मात्र एकमेकांत रुतलेले. गंज न लागताच जाम झालेला हा बोल्ट पुढच्या मे महिन्यात छळतो, तेव्हा कुणाला आठवत नाही की तो जन्मतःच जाम होता. म्हणून नट हातानेच शेवटपर्यंत फिरला पाहिजे. पाना फक्त शेवटच्या आवळण्यापुरता.

खोलायला बसण्याआधी ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात, पीटीओ शाफ्ट काढलेला. रोटाव्हेटर उचलून धरला असेल तर खाली लाकडाचे जाड ठोकळे द्यायचे. हायड्रॉलिकवर भरवसा ठेवून त्याखाली हात घालणं हा मूर्खपणा आहे. तेल हळूहळू गळतं आणि यंत्र आवाज न करता खाली येतं. डोळ्यांवर चष्मा हवाच. पाती कडक केलेल्या पोलादाची असतात, त्यांच्यावर हातोडा बसला तर काचेसारखी कपची उडते.

पहिलं हत्यार तारेचा ब्रश. नटाबाहेर आलेले आटे मातीने आणि गंजाने भरलेले असतात. ते साफ न करता नट फिरवला तर तो सगळा कचरा आत ओढतो. त्यानंतर तेल. रॉकेल, डिझेल, ब्रेक ऑइल, बाजारातले फवारे, प्रत्येकाचा आपापला देव असतो. डब्ल्यूडी-४० चा डबा तर आता किराणा दुकानातही दिसतो. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला ते तयार झालं, क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरचं पाणी हटवून त्याला गंजापासून वाचवण्यासाठी. नावातल्या ४० चा अर्थ चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. जाम नट खोलणं हे त्याचं मूळ काम नव्हे, पण ते पातळ असल्याने फटीत शिरतं. जुने फिटर ॲसिटोन आणि पॉवर स्टिअरिंगचं तेल समप्रमाणात हलवून वापरतात. तेही चांगलं काम करतं, फक्त पेट घ्यायला टपलेलं असतं. कोल्ड्रिंक ओतण्याचा सल्लाही कुणीतरी देतोच. ते पिऊन टाका.

माझ्या मते तेल कोणतं यापेक्षा त्याला वेळ किती दिला हे जास्त महत्त्वाचं. केसभर फटीत, त्यातही गंजाने बुजलेल्या, तेलाने स्वतःच्या पायाने चालत जायचं आहे. फवारा मारला आणि लगेच पाना लावला तर तेल वाया आणि कोपरेही. संध्याकाळी लावायचं, झोपताना पुन्हा एकदा, सकाळी खोलायचं. मधेमधे नटाला ठोकायचं. ठोकायचीही रीत आहे. नटाच्या एका बाजूला जड घण टेकवून धरायचा आणि समोरच्या बाजूवर लहान हातोड्याने टणटण मारायचं. त्या धक्क्यांनी आतला गंज तडकतो आणि तेलाला वाट होते.

मग पाना. इथे एक उलटी गोष्ट करायची असते, ती पटायला वेळ लागतो. आधी नट किंचित आवळायच्या दिशेने हलवायचा. हेतू एवढाच की गंजाचा सांधा कुठल्या का दिशेने असेना, तुटावा. बारीक ‘किर्र’ झालं की समजायचं, तुटला. आता पाव फेरा सोडायचा, थोडा परत आवळायचा, तेल, पुन्हा सोडायचा. एका दमात सोडायला गेलात तर सुटलेल्या गंजाची भुकटी पुढच्या आट्यांत ठासली जाते आणि नट अर्ध्यावर दुसऱ्यांदा अडकतो. हाताला काय जाणवतं तिकडे लक्ष ठेवायचं. किर्र करत अडखळत फिरणारा नट येतोय. पाना फिरतोय, पण रबर पिळल्यासारखं मऊ वाटतंय, आवाज नाही, तर नट जागच्या जागी आहे आणि बोल्ट पिळला जातोय. आणखी थोडा जोर लावला की तो तुटेल.

तुटू द्यायचा का? याचं उत्तर बोल्ट कुठे आहे यावर अवलंबून आहे आणि याच जागी लोक चुकतात. रोटाव्हेटरच्या पात्याचा बोल्ट आरपार असतो, मागे नट. तो बोल्ट चहा-भज्यांच्या खर्चात येतो. वाचवायचं आहे ते फ्लॅन्जचं भोक. तिथे नट-बोल्टवर दया दाखवण्यात अर्थ नाही, तुटला तर बरंच. पण जिथे बोल्ट थेट यंत्राच्या अंगात पाडलेल्या आट्यांत बसलेला असतो, तिथे तो तुटला तर अर्धा तुकडा आत राहतो आणि दहा मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं. तिथे रात्रभर तेल, ऊब, धीर, सगळं करायचं. आत राहिलेल्या तुकड्याला भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालतात. तो अतिशय कडक पोलादाचा असतो. तोच आत मोडला तर साधा ड्रिल त्याला ओरखडाही काढू शकत नाही.

तेलाने ऐकलं नाही तर उष्णता. लोखंड तापलं की फुगतं, हे शाळेत शिकलेलं असतं. किती फुगतं ते सांगत नाहीत. १४ च्या नटाचं भोक ४०० अंशांनी तापवल्यावर मोठं होतं ०.०७ मिलिमीटरने. पुन्हा तोच केस. पण गंजाचा सांधा तडकायला तेवढं पुरतं. नट झटपट तापवायचा, बोल्टला तापायला सवड न देता. मंद लाल रंग दिसला की थांबायचं. हे काम सावलीत करावं. भर उन्हात मंद लाल दिसतच नाही आणि गॅसवाला नट पिवळा होईपर्यंत ज्योत धरून बसतो. चकचकीत जस्त चढवलेला नट असेल तर पांढरा धूर येतो. तो नाकात गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभं राहूनच हे काम करायचं. आणि तेल मारलेल्या नटाजवळ लगेच ज्योत न्यायची नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो.

गॅस हाताशी नसेल तर मेणबत्तीचा उपाय करून बघा. लहान ब्लो-टॉर्चने नट तापवायचा, हात लावणं अशक्य होईल इतपत. ज्योत बंद करायची आणि आट्यांच्या तोंडाशी मेणबत्ती टेकवायची. मेण पाण्यासारखं वितळतं आणि डोळ्यांदेखत आत ओढलं जातं. पलीकडच्या बाजूने एक थेंब दिसला की जिंकलात. डिझेलने रात्रभरात न केलेलं काम मेणाने पाच मिनिटांत केलेलं मी पाहिलं आहे.

नट पुरता गोल झाला असेल तर क्रमाने पुढे. एक नंबर लहान सहा कोनी गोटी घणाने ठोकून बसवायची. ती झिजलेल्या नटावर आपले कोपरे स्वतः कापून घेते. नाहीतर नटाच्या दोन बाजू कानशीने घासून सपाट करायच्या आणि ग्रिप प्लायरने आवळून धरायचं. हा कुलपी जबड्याचा पक्कडबहाद्दर अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या विल्यम पीटरसन या लोहाराची करामत, १९२०च्या दशकातली. त्यापुढे वेल्डिंग. गोल डोक्यावर मोठ्या मापाचा नट ठेवून त्याच्या भोकातून आत वेल्ड भरायचं. नवे कोपरेही मिळतात आणि उष्णताही. अर्थिंगचा चिमटा मात्र त्याच फ्लॅन्जला लावायचा. तो दूर कुठेतरी लावला तर करंट रोटरच्या बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर डाग पडतात.

खरं सांगू? वीस बोल्ट अडले असतील तर मी यातलं बहुतेक काही करत नाही. चार इंची ग्राइंडरने नटाच्या एका बाजूवर, बोल्टच्या लांबीच्या दिशेने, आटे दिसू लागेपर्यंत चीर पाडायची, चिरेत छिन्नी ठेवून एक घाव घालायचा. नट सीताफळासारखा उकलतो. फ्लॅन्जला ओरखडा नाही, वेळ दोन मिनिटं.

कोकणात हा त्रास वेगळ्या रूपात भेटतो. पावसाळा सरता सरता आंबा-काजूच्या बागांतून ग्रासकटर घुमायला लागतात. त्याच्या पात्याचा नट निघत नाही म्हणून गोल करून आणलेला असतो. चूक गंजाची नसते. बहुतेक ग्रासकटरच्या त्या नटाला उलटे आटे असतात. पातं बुंध्याला किंवा दगडाला अडलं तरी शाफ्ट फिरत राहतो, आणि आटे सरळ असते तर नट सुटून पातं निसटलं असतं. उलट्या आट्यांमुळे प्रत्येक अडखळीला तो आणखी घट्ट होतो. न माहीत असलेला माणूस सवयीने डावीकडे फिरवतो, म्हणजे आवळतो, आणि सुटत नाही म्हणून जास्त जोर लावतो. घरातल्या टेबलफॅनची पाती धरणारी प्लॅस्टिकची टोपी आठवा, तीही उलटी फिरते. ग्रासकटरच्या गिअरपेटीवर शाफ्ट अडवण्यासाठी एक बारीक भोक असतं. त्यात सोबत मिळालेली सळी घालायची आणि नट उजवीकडे फिरवायचा. पातं हाताने धरून ठेवणाऱ्यांच्या तळव्यांवरचे व्रण मी पाहिले आहेत.

पाती नवी बसवताना नट-बोल्टही नवे, ८.८ शिक्क्याचे घ्यायचे. लाल होईपर्यंत तापवलेला बोल्ट पुन्हा वापरायचा नाही. त्याला दिलेलं पाणी उतरलेलं असतं. पातं आणि फ्लॅन्ज यांच्यामधला गंज, रंग, माती तारेच्या ब्रशने काढायची, कारण मधला तो थर पहिल्याच एकरात चेंगरतो आणि बोल्टचं केसभर लांबणं तिथेच संपतं. आट्यांना ग्रीस किंवा बाजारात मिळणारी तांब्याची पेस्ट, बोटाने, पातळ. ‘ग्रीस लावलं तर ढिला होईल’ ही भीती शेडोशेडी ऐकू येते. जर्मन इंजिनिअर गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं होतं की बोल्ट सुटतो तो जोडलेले भाग आडवे सरकल्यामुळे. पकड पुरेशी असेल तर ते सरकत नाहीत. ग्रीसमुळे घर्षणात जाणारा जोर वाचतो आणि त्याच आवळण्यात पकड वाढते, म्हणून हात थोडा आवरताच घ्यावा लागतो. त्याच प्रयोगांनी स्प्रिंग वायसरची अब्रूही घालवली, पण आपल्या दुकानांतून तिला अजून मान आहे.

१४ च्या कोरड्या बोल्टला साधारण १३० न्यूटन मीटर, म्हणजे दीड फुटी पान्याच्या टोकाला तीसेक किलोचा जोर. एका धडधाकट माणसाने पाइप न लावता ओढलं की होतं.

पावसाळी काम संपलं की रोटाव्हेटर धुऊन, उन्हात वाळवून, नटांवर ब्रशने जुनं इंजिन ऑइल. मातीत सांडू न देता. त्याआधी, नवी पाती बसवल्यानंतर, एक काम ऑइलपेंटचं आहे. प्रत्येक नट आवळून झाला की नटावरून फ्लॅन्जवर जाईल अशी एक पांढरी रेघ मारायची. पहिला अर्धा एकर झाला की थांबून, ट्रॅक्टर बंद करून, खाली वाकून ८४ रेघांवरून नजर फिरवायची. चिखल असेल तर फडक्याने पुसून. जी रेघ मोडलेली दिसेल, तेवढ्याच नटाला पाना लावायचा.